वॉर्डात संगणकाची गाडी आणण्याआधी

संगणकाची गाडी म्हणजे बेडपर्यंत ढकलत नेता येणारा, बॅटरीवर चालणारा चाकांवरचा संगणक. ती घ्यायची असेल तर पहिली गोष्ट, कोटेशन मागवू नका. सकाळी पावणेआठला वॉर्डात जाऊन भिंतीला टेकून उभे राहा आणि सिस्टर ओव्हर कसा देतात, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण कसे सोपवतात, ते बघा. एखादीच्या डाव्या तळहातावर निळ्या पेनाने 150/90 लिहिलेलं दिसेल, शेजारी बेडचा नंबर. तो आकडा तळहातावरून केस पेपरवर आणि तिथून स्टेशनवरच्या संगणकात जातो. मधे हात धुतला तर जातच नाही. गाडी घ्यायची ती हा फेरफटका बंद करायला. म्हणून आधी राउंडच्या वेळी एकाच वेळी किती सिस्टर बेडवर असतात ते मोजा. गाड्या तेवढ्याच लागतात, बेडच्या हिशोबाने नाही.

या गाडीचं इंग्रजी नाव पूर्वी ‘कॉम्प्युटर ऑन व्हील्स’ होतं. आद्याक्षरं जुळवली की ‘काऊ’, म्हणजे गाय. ‘ती काऊ इकडे आणा’ हे ऐकून रुग्ण रागावले, म्हणून नाव बदललं, असं सांगतात. आपल्या सिस्टर पहिल्या दिवसापासून नुसतं ‘गाडी’ म्हणतात, त्यामुळे तो प्रश्न नाही.

मी आधी जिथे होतो तिथे सहा गाड्या एकदम घेतल्या. डेमो झाला कॉन्फरन्स हॉलच्या गुळगुळीत फरशीवर, बघायला आम्ही आयटीवाले आणि अकाउंट्सचे साहेब. गाडी ढकलणारं कुणीच नव्हतं. महिन्याभरात चार गाड्या लिनन रूमबाहेर उभ्या, वर ड्रेसिंगचे ट्रे. कारण अगदी साधं होतं. चाकं लहान, लिफ्टच्या फटीत अडकायची, आणि अडकली की वॉर्डबॉय मामांना हाक मारावी लागायची. तेव्हापासून मी 100 मिलिमीटरच्या खालचं चाक बघतही नाही. 125 मिळालं तर उत्तम, आणि किमान दोन चाकांना ब्रेक हवाच. डेमो तुमच्याच लिफ्टमध्ये, तुमच्याच रॅम्पवर आणि मावशींनी नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर मागा.

मोजपट्टी बरोबर ठेवा. दोन बेडमधलं अंतर नकाशावरून घेऊ नका. लॉकर, स्टूल, डब्याची पिशवी आणि रात्री बेडखाली चटई टाकून झोपलेल्या नातेवाइकाचे पाय, हे सगळं धरून जे उरतं ते अंतर. गाडीचा पाया तेवढ्यात बसून वळला पाहिजे. नाशिकमध्ये खरेदी करत असाल तर सिंहस्थ कुंभमेळाही धरा. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. त्या दिवसांत पॅसेजमध्ये जादा खाटा पडल्या तर गाडी कुठून जाणार, हे आत्ताच खडूने आखून बघा.

आता बॅटरी. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण माहितीपत्रकात ‘आठ तास’ लिहिलेलं असतं आणि आपली नाइट ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणजे बारा तासांची. हिशोब स्वतः करा. छोटा संगणक आणि 22 इंची पडदा मिळून साधारण 50 वॅट धरले तर बारा तासांना 600 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी कागदावर 480 देते, पण रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर बसते. म्हणजे हातात 240, त्यातून इन्व्हर्टर आपला वाटा खाणार. आठला निघालेली गाडी बाराच्या सुमारास मान टाकते आणि पहाटे सहाची इंजेक्शनं पुन्हा तळहातावर. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग पडते. पण शिशाची बॅटरी साधारण 300 ते 500 वेळा चार्ज होते, ही दोन हजार वेळांच्या आसपास जाते, आणि जवळजवळ पूर्ण उतरवता येते. गाडी बंद न करता बॅटरी बदलता येणारं मॉडेल असेल तर मी त्यालाच मत देईन, फक्त जादा बॅटऱ्या चार्ज करायला जागा आणि माणूस नेमा.

चार्जिंग बेडशेजारी नको. रुग्णाभोवतीचं सुमारे दीड मीटर हे विजेच्या दृष्टीने वेगळं क्षेत्र धरतात. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी 60601-1 या मानकात, सगळं ठीक चालू असताना स्पर्शातून जाणाऱ्या गळती प्रवाहाची मर्यादा 100 मायक्रोअँपिअर आहे. ऑफिसचा संगणक त्या मोजमापाने बनवलेला नसतो. बॅटरीवर चालताना भिंतीशी संबंध नसतो, प्लग लावला की येतो. विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागा, बायोमेडिकलवाल्यांकडून अर्थिंग तपासून घ्या आणि एक्स्टेंशन बोर्ड वॉर्डातून हद्दपार करा. एमआरआयच्या खोलीत गाडी कधीही जाणार नाही, हे गाडीवरच मोठ्या अक्षरांत चिकटवा. तिथला चुंबक मशीन रिकामं असतानाही चालूच असतो.

पुसायला काय वापरता, 70 टक्के अल्कोहोल की हायपोक्लोराइट, ते सांगून कीबोर्ड आणि पडदा ते सोसतो असं लेखी घ्या. पंख्याचा संगणक टाळा, चादरींचा कापूस त्यात जाऊन बसतो. उंची साडेचार फुटी सिस्टरलाही जमेल एवढी खाली यावी.

गाडीवरचा बारकोड स्कॅनर हातात घेऊन रुग्णाच्या मनगटावरचाच ओळखपट्टा वाचून बघा, टेबलावर सपाट ठेवलेला नव्हे. पट्टा गोल असतो, घामाने सुरकुततो. क्यूआर असेल तर जुना लेझर स्कॅनर कामाचाच नाही. बेड 12 वर पवार, बेड 14 वरही पवार, आणि दोघांनाही सकाळचं इन्सुलिन, असा दिवस प्रत्येक वॉर्डात येतो. स्कॅनर त्यासाठी आहे.

वायफाय चालत तपासा. लॅपटॉपवर सर्व्हरला सतत पिंग लावा, म्हणजे जोडणी कुठे तुटते ते लगेच कळेल, आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत जा. बाथरूमच्या भिंतीमागे आणि एक्स-रेच्या शिसं लावलेल्या खोलीजवळ हमखास तुटतं. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, आणि तिथे प्रत्येक नातेवाइकाचा हॉटस्पॉट. गाड्या 5 गिगाहर्ट्झवर ठेवा. मोबाइलचं डोंगल हा बॅकअप समजू नका, पर्वणीच्या गर्दीत त्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा गाडीच्या ड्रॉवरमध्ये औषधांच्या नोंदीचे छापील कोरे तक्ते ठेवा.

पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला दिसला तर सिस्टरवर ओरडू नका, लॉगिनला किती सेकंद लागतात ते मोजा. कार्ड टेकवून उघडणारी सोय घेतली की चिठ्ठी आपोआप जाते.

ऑर्डरमध्ये तीन वर्षांनंतरच्या बॅटरीची किंमत आजच लिहून घ्या, चाकांचा एक जादा संचही. दुरुस्तीचा माणूस नाशिकमध्ये बसतो की कसारा घाट चढून येतो, तेही विचारा. आणि औषधांच्या ड्रॉवरच्या किल्ल्या दोन: एक इनचार्ज सिस्टरकडे, दुसरी मेट्रन ऑफिसमध्ये सीलबंद पाकिटात, वर गाडीचा नंबर घालून.