टायटॅनियमला स्टेनलेस समजू नका: या चुका टाळा

टायटॅनियमचा जॉब पहिल्यांदा हाती आला की नवीन मुलं डोळे झाकून मशीनवर स्टेनलेसचेच स्पीड-फीडचे आकडे लावतात. दोन्ही चंदेरी, दोन्ही न गंजणारे, मग काय फरक पडतो? फरक उष्णतेत पडतो. ग्रेड ५, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवाला मिश्रधातू, साध्या पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढी उष्णता वाहून नेतो. कापताना तयार झालेली धग टूलच्या टोकाशीच साचते आणि टोक बोथट होतं. मग मुलं घाबरून फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा दर, कमी करतात आणि तिथेच घात होतो. बोथट टूल कापायचं सोडून घासायला लागतं, आणखी तापतं, चिप्स, म्हणजे धातूचा कीस, केसासारख्या बारीक निघतात. आणि बारीक चिप्स पेट घेतात.

भोसरीच्या एका शॉपमध्ये हे माझ्यासमोर घडलंय. शेवटचा फिनिशिंग कट, कूलंट बंद, इन्सर्ट (टूलच्या टोकाचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बदलायचा कंटाळा, ट्रेमध्ये सकाळपासूनचा ढीग तसाच. एक ठिणगी पडली आणि ढीग डोळे दिपतील अशा पांढऱ्या उजेडात पेटला. शेजारच्या मशीनवरचा मुलगा पाण्याची बादली घेऊन धावला. फोरमननं त्याला दंडाला धरून मागे ओढलं, म्हणून तो वाचला. जळतं टायटॅनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो. पाणी टाकलं असतं तर स्फोटच. सीओटूचा सिलिंडरही इथे उपयोगाचा नाही, हा धातू कार्बन डायऑक्साइडमध्ये जळत राहतो, नायट्रोजनमध्येसुद्धा. कोरडी वाळू ओतून ढीग झाकला आणि पूर्ण गार होईपर्यंत कुणाला जवळ जाऊ दिलं नाही.

माझी पद्धत अशी: कार्बाइडच्या टूलला मिनिटाला ४०-५० मीटर स्पीड, फीड दमदार, कूलंट भरपूर, आणि टूल जॉबला टेकलेलं असताना फीड कधीच थांबवायचं नाही. धार जायच्या आत इन्सर्ट बदलायचं. ते महाग आहे, हे कारण मी ऐकून घेत नाही. ट्रे प्रत्येक जॉबनंतर रिकामा. वाळूची बादली मशीनजवळ, आणि पावसाळ्यात वाळू कोरडी आहे ना, हे रोज हात घालून बघायचं.

दुसऱ्या चुकीची मला जास्त चीड येते, कारण ती लपवली जाते. वेल्डिंगची टॉर्च पुढे सरकली की मागचा सांधा उघडा पडतो, आणि तो साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या खाली येईपर्यंत त्याच्यावर आर्गॉन वायूचं आवरण हवंच. ट्रेलिंग शील्ड, म्हणजे टॉर्चमागून आर्गॉन सोडणारं झाकण, लावायचा आळस केला तर सांधा हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो. रंग सगळं सांगतो. चंदेरी उत्तम, फिकट सोनेरी चालतो, निळा संशयास्पद, राखाडी किंवा पांढरी पूड दिसली तर कापून काढा. पण घाईतली मंडळी वायर ब्रश मारून रंग घालवतात आणि सांधा चकचकीत करून इन्स्पेक्शनला पाठवतात. रंग जातो, ठिसूळपणा आतच राहतो. आधी रंग दाखवा, मग ब्रशला हात लावा.

पाइप वाकवून सोडला की तो बराच परत येतो, कारण त्याचा ताठरपणा पोलादाच्या निम्म्याच्या आसपास आहे. थोडा जास्तच वाकवा. टायटॅनियमचा बोल्ट टायटॅनियमच्या नटमध्ये कोरडा फिरवू नका, जाम होतो. आणि ‘याला काहीच खात नाही’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका: ओलसर क्लोरीन ते सोसतं, पण कोरड्या क्लोरीन वायूत पेटू शकतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल तर सरळ खातं.

समस्थानिकांबद्दलचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंबद्दलचा, गोंधळही ऐकून कंटाळलोय. ‘टीआय-६४’ हा वर सांगितलेल्या ग्रेड ५ चाच कोड आहे, समस्थानिक नव्हे. नैसर्गिक टायटॅनियममध्ये ४६ ते ५० वस्तुमानांकाचे पाच समस्थानिक असतात, पाचही स्थिर. त्यात ४८ जवळपास ७४ टक्के. किरणोत्सारी टायटॅनियम-४४ ताऱ्यांच्या स्फोटात तयार होतो, अशा स्फोटाच्या कॅसिओपिया ए या अवशेषात तो सापडलाय. त्याचं अर्धायुष्य सुमारे ६० वर्षं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात तो नसतो, तेव्हा पेशंटला घाबरवू नका. काळजी घ्यायची ती ग्रेडची: इम्प्लांटला कमी ऑक्सिजनचा ग्रेड २३ मागितला असेल, तर ग्रेड ५ चा उरलेला बार त्यात खपवायचा नाही. कापायच्या आधी बारवरचा हीट नंबर (कोणत्या ओतीव घाण्यातला माल आहे तो क्रमांक) सर्टिफिकेटशी जुळवून बघा.