शाळूसोबत्यांना ‘काय आठवतं?’ असं विचारू नका

आमची मॅट्रिक १९५८ ची, वाईची. अकरावीच्या वर्गात आम्ही ४३ जण होतो, त्यात मुली ६. आज हाताशी लागतात ते ११, आणि त्यातल्या चौघांना फोनवर ऐकू येत नाही. गेली तीन वर्षं मी या अकरांकडे पिशवी घेऊन जाते आणि शाळेच्या दिवसांचं बोलणं मोबाइलवर भरून घेते. चुकत चुकत जे जमलं ते लिहून ठेवते आहे. नातवंडं हौसेनं आजोबांपुढे मोबाइल धरतात, "आजोबा, तुमच्या लहानपणाबद्दल सांगा ना" म्हणतात, आणि आजोबा "आमच्या वेळी सगळं स्वस्त होतं" एवढं बोलून पेपर उघडतात. आजोबांना बोल लावू नका. असल्या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच.

माणसं किती जमवायची

तीन. आधी आम्ही थाटामाटात स्नेहसंमेलन केलं. हॉल, श्रीखंड-पुरी, शाल-नारळ, सूत्रसंचालन करायला कुणाची तरी सून. चार तासांत एकही आठवण निघाली नाही, नुसती भाषणं झाली. एकट्या माणसाकडे गेलं तर तो घरच्यांना शंभरदा सांगून घासून गुळगुळीत केलेली गोष्ट सांगतो. तिघांत मात्र एक सांगतो, दुसरा तोडतो आणि तिसऱ्याला भलतंच काही आठवतं. निवडताना शाळेत ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं असे दोघे मुद्दाम घ्या.

आमच्या वर्गातल्या एकाला सगळे ‘टोपी’ म्हणायचे, कारण पांढरी टोपी तो झोपतानाही काढत नाही अशी अफवा होती. त्याच्या घरी मी आमच्या मॉनिटरला घेऊन गेले. विषय निघाला ३० नोव्हेंबर १९५७ चा. प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू येणार होते आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं पसरणीच्या घाटात काळी निशाणं दाखवली, तो दिवस. टोपी म्हणाला, "मी घरची छत्री उसवून निशाण केलं आणि घाटात तिसऱ्या वळणावर उभा होतो." मॉनिटर उसळलाच. "थापा मारू नकोस. तू तापानं फणफणला होतास. मी भूमितीची वही न्यायला तुझ्याकडे आलो होतो." यावर दोघं म्हातारे चाळीस मिनिटं भांडले. त्या भांडणात घाटातली धूळ आली, परगावाहून आलेल्या माणसांसाठी कुणाच्या ओसरीवर पिठलं-भाकरी झाली ते आलं, टोपीच्या घरी तापावर काय काढा द्यायचे ते आलं, भूमितीच्या वहीची किंमत आली. मग स्वयंपाकघरातून टोपीची बायको बोलली, "छत्रीचं खरं आहे हो. नुसत्या काड्या उरलेली छत्री माळ्यावर होती. सासूबाई जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या." मॉनिटर म्हणाला, "फाडली असेल. पण घाटात नेली कुणी?"

मी दोन्ही लिहून ठेवलं आहे. निवाडा करायला जाऊ नका. एकदा का तुम्ही "म्हणजे नक्की काय झालं?" असं विचारलंत, की दोघंही सभ्य होतात आणि गप्प बसतात. आणि बायको जिथे असेल तिकडचं दार उघडं ठेवा.

‘अहो’ उतरू द्या

ही अडचण माझ्यासारख्या बायकांचीच आहे, पण मुलं-नातवंडं रेकॉर्डिंग करणार असतील तर त्यांनाही लागू पडेल. आमच्या वेळी मुली सरांच्या मागून वर्गात यायच्या आणि सरांच्या मागूनच बाहेर पडायच्या. पाचवी ते अकरावी सात वर्षं एका वर्गात काढून मी टोपीशी एक वाक्य बोलले नव्हते. पहिल्यांदा बोललो ते सत्तरीत, तेही "आपण कुठे असता?" असं. आजही हे सगळे मला "ताई, तुम्ही" म्हणतात. ‘तुम्ही’ चालू असेतोवर आठवण इस्त्री करून येते. म्हणून मी पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच विचारत नाही. चहा होतो, गुडघ्यांची चौकशी होते, दोघांचं आपापसात "अरे, तो नाही का रे…" सुरू होतं आणि मी तिथे बसले आहे हे ते विसरतात. मोबाइल सुरुवातीपासून चालू असतो, पण उतरवून काढते ते पहिल्या ‘अरे’नंतरचं.

पिशवीत काय न्यायचं

प्रश्नांची यादी नेऊ नका, वस्तू न्या. माझ्या पिशवीत बोरू आहे, टाक आहे, कंदिलाची काच आहे (ती राखेनं पुसून दाखवायची पाळी कुणाची, यावरून भावंडांची भांडणं निघतात). कृष्णेत पोहायला शिकताना पाठीला बांधायचा सुका भोपळा काही पिशवीत मावत नाही. त्याचा फोटो नेते. तो पाहून कुणीही स्वस्थ बसलेलं नाही. गणपती घाटावर कुणी ढकललं, कोण बुडता बुडता वाचला आणि घरी कळल्यावर कोणाला वेताची छडी मिळाली, इथपर्यंत गाडी जातेच.

सगळ्यांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे जुनी नाणी. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. कडेला लाटा असलेला बैलाचा एक आणा, घोड्याचा पैसा आणि इंग्रजांच्या अमदानीतला भोकाचा पैसा. वाण्याच्या दुकानात वाढलेल्या एका मित्राच्या हातावर आणा ठेवला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेलाच नाही, अंगठ्यानं कडेच्या लाटा चाचपल्या आणि म्हणाला, "नव्या पैशानं आमच्या बाबांना चोर केलं." १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ बरोबर बसायचे, पण एका आण्याचे धरायचे ६. सोळा सक शहाण्णव. म्हणजे कुणी आण्या-आण्याचा माल सोळा वेळा नेला तर ९६ पैसे झाले, आणि सबंध रुपया मोडला तर १००. मधले ४ पैसे कुणाचे? म्हाताऱ्या बायका गल्ल्यासमोर उभ्या राहून हिशोब मागायच्या. त्याच्या वडिलांनी पुठ्ठ्यावर कोष्टक लिहून टांगलं होतं, पण वाचता किती जणींना येत होतं? शेवटी हा पोरगा दहावीची परीक्षा सोडून दुकानाच्या पायरीवर बसून प्रत्येकीला शेंगदाणे मांडून हिशोब समजावायचा. "शेंगदाणे त्या खाऊन टाकायच्या," तो म्हणाला. हे सगळं एका नाण्यातून निघालं. "पन्नास सालच्या आसपास महागाई कशी होती?" असं मी विचारलं असतं तर "तेल स्वस्त होतं" एवढं ऐकून परत आले असते.

हात काय करतात तेही लिहा

एकाच्या मुलानं फोनवर सांगितलं, "बाबांना आता काही आठवत नाही, तुम्हाला उगाच त्रास." तरी गेले. त्यानं मला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, मी ओ दिली. वस्तूंकडे तो बघेना. मग मीच हळू आवाजात औटकी सुरू केली, म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन, सात, साडेदहा… चौदा त्यानं म्हटलं. खुर्चीच्या हातावर बोटानं ठेका धरला. पुढच्या आकड्याला, साडेसतराला, त्यानं उजवा तळहात उताणा करून पुढे धरला आणि डोळे मिटले.

त्याला तिथेच छडी बसत असणार. रेकॉर्डिंगमध्ये नुसते आकडे ऐकू येतात. म्हणून मोबाइलच्या भरवशावर राहू नका, मांडीवर वही ठेवा. पाढे, प्रार्थना, हजेरीच्या वेळची नावं ही ज्यांचं बाकी सगळं पुसलं आहे त्यांच्याकडेही शिल्लक असतात. घरच्यांना विचारून जा, अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका.

साल कसं लावायचं

साल विचारलं की माणूस गडबडतो, इयत्ता मात्र पक्की आठवते. आमच्या वर्गापुरता हिशोब सोपा आहे. इयत्तेत ४६ मिळवायचे, की जूनमधलं साल निघतं. पाचवी म्हणजे ५१, अकरावी म्हणजे ५७. गोष्ट जानेवारीनंतरची असेल तर आणखी एक. तुमच्या वर्गाचा आकडा मॅट्रिकच्या दाखल्यावरून काढा. जुनी मॅट्रिक अकरावीला असायची हे विसरू नका, नाहीतर एका वर्षाची चूक शेवटपर्यंत चालेल.

मग काही खुंट्या ठोकून ठेवा. आमच्या खुंट्या अशा: पाचवीत पहिली सार्वत्रिक निवडणूक, प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी. सहावीत, म्हणजे १९५२ ला, आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्यपदक. त्यानंतर मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना धोबीपछाड घालून सदरे फाडून घरी जायची. सातवीत २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे आकाशवाणी सुरू झाली. नववीत, जानेवारी १९५६ ला, मद्रासच्या कसोटीत विनू मांकड आणि पंकज रॉय यांची ४१३ धावांची सलामी. एकजण छातीठोकपणे सांगतो, की पुणे केंद्रावरची गाणी तो पाचवीत असताना हॉटेलबाहेर उभा राहून ऐकायचा. शक्य नाही. पण त्याला हे सांगितलं नाही, समासात पेन्सिलीनं लिहिलं. हॉटेल खरं आहे, उभं राहणं खरं आहे. एवढं मला पुरे.

जे घोळक्यात निघत नाही

तिघांचं गणित एका ठिकाणी चालत नाही आणि ते कळायला मला फार उशीर झाला. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता, महारवाड्यातून यायचा. आमच्या बैठकांत सगळे म्हणायचे, "तेव्हा कसलाच भेदभाव नव्हता हो, सगळे एकत्र डबा खायचो." तो एकदा आला, हसून बसला, चहा पिऊन गेला. पुढे मी एकटीच त्याच्याकडे गेले. पिशवीही उघडली नाही. तो म्हणाला, "१९५६ चा डिसेंबर. बाबासाहेब गेले तेव्हा मी शाळेत नव्हतो, आठवतं तुम्हाला?" नाही आठवत. आम्हा कुणालाच नाही आठवत. मी मागून चौघांना विचारलं. त्याच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती. वडील चालत वाठार स्टेशनच्या वाटेला लागले होते आणि हा धाकट्या भावाला भिजवलेले हरभरे भरवत बसला होता. चार दिवसांनी तो वर्गात आला तेव्हा कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आणि डबा? "डबा एकत्र खायचो, हो. कोण कुठे बसायचं ते तुम्ही विचारलं नाहीत."

तेव्हापासून प्रत्येकाकडे एकदा तरी एकटीनं जाते. मोबाइल पिशवीत ठेवते. चालू करू का, हे आधी विचारते, आणि घरी आल्यावर उतरवलेलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय कुणालाही देत नाही. त्यानं त्याच्या बोलण्यातली दोन वाक्यं खोडायला लावली. ती खोडली.

मुलींचा शोध

मुलगे सापडतात. आडनाव तेच, आळी तीच, निदान कुणी पुतण्या तरी असतो. मुली सापडत नाहीत, कारण आमच्या पिढीत लग्नात आडनाव तर जायचंच, पण ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की पाळण्यातलंही जायचं. आम्हा सहाजणींपैकी एकीला शोधायला मला दोन वर्षं लागली आणि ती निघाली कोथरूडला माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर. नाव वेगळं, आडनाव वेगळं. कित्येकदा मंडईत समोरासमोर आलो असू.

यावर उपाय: शाळेच्या जनरल रजिस्टरमधून वडिलांचं नाव आणि तेव्हाचा पत्ता काढा. मग त्या आळीत जा आणि तिथली सगळ्यांत म्हातारी बाई गाठा. पुरुषांना विचारू नका, त्यांना ‘कुठेतरी सोलापूरकडे दिली’ एवढंच माहीत असतं. बायकांना मुलगी कुणाकडे दिली, बाळंतपणं किती झाली, शेवटची माहेरी कधी आली, सगळं ठाऊक असतं. भावजय हयात असेल तर काम झालंच.

यंत्राचं थोडंसं

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवलात तर कपबशीचा आवाज तोफेसारखा येतो. पंखा बंद, कुकर आधी उरकून घ्यायला सांगा. सकाळी दहा ते बारा ही वेळ बरी, दुपारी सगळे पेंगतात. ज्या कानाला ऐकू येतं त्या बाजूला बसा. पुरुष अर्ध्या तासाला उठणारच, तेव्हा रेकॉर्डिंग थांबवू नका, कारण तो उठून गेल्यावर मागे राहिलेला त्याच्याबद्दल खरं बोलतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण कोण बसलं आहे हे स्वतःच्या आवाजात बोला. वर्गाचा फोटो अल्बममधून ओरबाडू नका, गॅलरीच्या सावलीत ठेवून तसाच टिपा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नावं फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. आमच्या फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, यावर अजून एकमत नाही.

पुढच्या मंगळवारी पाचगणीला जायचं आहे, सहाजणींपैकी आता माझ्याखेरीज उरलेल्या शेवटच्या एकीकडे. तिला शाळेत गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात भोकाचा पैसा घालायची खोड होती, म्हणून तो वेगळा काढून ठेवला आहे. शिवाय मीठ लावलेल्या चिंचा घेतल्या आहेत. दात तिलाही नाहीत, मलाही नाहीत. चोखू.