जुना कॅमेरा घ्यायचाय? खिशात टॉर्च ठेवा

मोबाइलच्या पुढचं काही शिकायचं आहे आणि पैसे बेताचे आहेत, तर नवा स्वस्त कॅमेरा घेण्यापेक्षा जुना चांगला घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पण जुना घेताना जो तो एकच प्रश्न विचारतो: शटर काउंट किती, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालंय? विकणाराही तेवढा आकडा तोंडपाठ करून बसलेला असतो. आकडा कमी निघाला की गिऱ्हाईक खूश. लेन्स मग पुढून एकदा डोळ्यासमोर धरली जाते आणि थेट पिशवीत जाते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात पैसे बुडतात ते नेमके त्या लेन्समध्ये, फंगसपायी, म्हणजे काचेवर वाढणाऱ्या बुरशीपायी. म्हणून बाकीचं चटकन उरकतो.

कोणता घ्यायचा

मेगापिक्सेल विसरा. ए३ आकाराचा ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) प्रिंट काढायला साधारण साडेसतरा मेगापिक्सेल लागतात. २०१४ सालचा निकॉन डी७५० किंवा सोनी ए६००० हे दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आहेत, म्हणजे पुरून उरतात. सेन्सरचा, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार मात्र विचारा. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६ (कॅननचा थोडा लहान). शिकणाऱ्याला एपीएस-सी भरपूर झाला. लांबलचक झूमवाले ब्रिज कॅमेरे दिसायला भारदस्त असतात, पण त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो. माझ्या मते ते घेऊच नयेत.

माउंटचा, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या जोडणीचा, विचार आत्ताच करा, कारण बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलते, लेन्स राहतात. कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट २०१८ मध्ये आणला, तेव्हापासून जुन्या ईएफ आणि एफ माउंटच्या लेन्स स्वस्त होत गेल्या. आपल्याला तेच हवं आहे. ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, पण आरएफ लेन्स जुन्या बॉडीवर बसत नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी एएफ-डी लेन्स (हिच्यातही मोटर नसते) लावली तर फोकस हाताने करावा लागेल. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

बॉडी

स्वतःचं मेमरी कार्ड आणि लॅपटॉप घेऊन जा. निकॉनच्या आणि बऱ्याच सोनींच्या फोटोतच शटर काउंट नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो केबल जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. कॅनन ८०डीचं शटर १ लाख, निकॉन डी७५०चं दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, त्या हिशेबाने आकडा बघा. आणि हे लक्षात ठेवा की व्हिडिओचे तास या आकड्यात धरले जात नाहीत. लग्नसराईत रोज सहा-सात तास व्हिडिओ काढलेल्या कॅमेऱ्याचा शटर काउंट अगदी सोवळा असू शकतो. त्याची खरी कुंडली हॉट शूच्या (वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) घासलेल्या पट्ट्यांवर आणि गुळगुळीत झालेल्या ग्रिपवर दिसते.

मग तीन फोटो. एफ १६ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम घालवून: सेन्सरवरची धूळ दिसते, ती साफ होते, घाबरू नका. टोपी लावून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर ३० सेकंदांचा, मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवून: रंगीत ठिपके थोडे असतात, चांदणं पडल्यासारखे दिसले तर परत करा. सर्वांत वेगवान शटरवर एकसारख्या उजेडातल्या भिंतीचा: एका कडेला काळपट पट्टा आला तर शटर थकलंय. बटणं, डायल, कार्डाचा कप्पा तुम्ही बघालच.

लेन्स

इथे घाई करायची नाही. विकणारा घाई करू लागला तर निघून या.

ही पायरी मला बरेच दिवस जमत नसे. धूळ दिसली की फंगस वाटायची आणि फंगस दिसली तरी धूळ म्हणून सोडून द्यायचो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात एका दुरुस्तीवाल्या काकांकडे खराब झालेल्या लेन्स टॉर्चखाली पाहिल्या, तेव्हा कुठे डोळा तयार झाला. तुम्हीही खरेदीआधी असं करा. फोटो बघून फंगस ओळखायला शिकता येत नाही, कारण ती कोन बदलला की दिसते आणि कोन बदलला की गायब होते.

लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही टोप्या काढा. आता अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं हवं. कॅननच्या ईएफ लेन्सचं बॉडीवरून काढल्यावर उघडंच राहतं. निकॉनच्या डी आणि जी लेन्सचं मिटलेलं असतं, मागे एक छोटी दांडी असते ती बोटाने सरकवून धरावी लागते. मिटलेल्या पाकळ्यांतून टॉर्च मारून 'एकदम क्लीन पीस' म्हणून दाखवणारे महाभाग आहेत, त्यांना दांडी सरकवायला सांगा.

टॉर्च मागून मारा, पुढून बघा. पण सरळ रेषेत नाही. सरळ उजेडात डोळे दिपतात आणि नवीकोरी लेन्ससुद्धा धुळीने भरलेली वाटते. टॉर्च तिरपी धरा, लेन्सच्या मागे काळं काहीतरी येऊ द्या, बॅगचा पट्टा चालतो, आणि लेन्स हळूहळू फिरवत राहा. मग उलट करा, पुढून टॉर्च आणि मागून डोळा. झूम असेल तर दोन्ही टोकांना, फोकस रिंगच्याही दोन्ही टोकांना हेच परत. आतल्या काचा सरकतात, आणि फंगस बहुधा एखाद्या आतल्या काचेच्या कडेला दडलेली असते.

सुटे ठिपके म्हणजे धूळ, सोडून द्या. कडेकडून आत फांद्या फुटत गेलेले बारीक धागे म्हणजे फंगस. सगळ्या काचेवर सारखा दुधाळ थर असेल तर तो हेझ, तेलाच्या वाफेचा किंवा दमटपणाचा. कडेला इंद्रधनुषी चंद्रकोर दिसली तर दोन काचा जोडणारा चिकट थर सुटतोय, आणि त्यावर परवडणारा इलाज नाही. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असेल तर भाव पाडून मागा, फोटोत तो सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र दिसतो.

फंगस सापडली की दोन सल्ले कानावर येतात. एक, 'दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मरते'. मरेलही, पण तिने सोडलेल्या आम्लाने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ते उन्हाने परत येत नाही. दुसरा, 'साफ करून मिळते'. धागे पुसले जातात हे खरं, खड्डे राहतात हेही खरं. शिवाय लेन्स उघडून परत बसवताना काचा किंचित जरी हलल्या तरी फोटोचा एक कोपरा कायमचा मऊ, म्हणजे धूसर होतो. किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सच्या) बाबतीत साफसफाईच्या पैशात दुसरी धड किट लेन्स येते. म्हणून माझा नियम: फंगस दिसली, लेन्स परत. अपवाद फक्त महागड्या लेन्सचा, आणि तोही धागे अगदी कडेलाच असतील, साफसफाईचा खर्च भावातून वजा होत असेल, आणि पुढची चाचणी पार पडली तर.

चाचणी अशी: काळोखात रस्त्यावरचा दिवा चौकटीच्या कोपऱ्यात घ्या आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. संपूर्ण फोटोवर पांढुरकी झाक पसरली, काळा रंग राखाडी झाला, तर आत काहीतरी आहे. विकणारा सावलीतल्या जास्वंदीचा फोटो दाखवेल. तो छानच असणार. सावलीत फंगसवाली लेन्सही छान फोटो काढते.

फोकस तपासायला मराठी वर्तमानपत्र उत्तम. पान टेबलावर पसरा, तिरपं बसून मधल्या एका ओळीवर फोकस करा. शिरोरेखा कुठे धारदार आहे ते लॅपटॉपवर मोठं करून बघा. धार पुढच्या-मागच्या ओळीवर गेली असेल तर डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) फोकस हललाय. वरच्या श्रेणीच्या बऱ्याच बॉडींत तो मेनूतून दुरुस्त करता येतो, सुरुवातीच्या श्रेणीत बहुधा नाही.

पैसे देताना

मूळ बिल, खोका, बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर हे तिन्ही जुळवा. बिल नसेल तर कितीही स्वस्त असला तरी नको, चोरीचा असू शकतो. 'वॉरंटी शिल्लक आहे' म्हणत असेल तर ती भारतातली आहे का ते विचारा.

घरी आणल्यावर

फोमच्या बॅगेत ठेवू नका, ती ओलावा धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. ६०च्या वर बरेच दिवस राहिला तर फंगसला रान मोकळं. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, तांदळाची भुकटी झूमच्या फटीतून आत जाते. केशरी रंगाचं सिलिका जेल घ्या. ते हिरवट झालं की वाळवायची वेळ झाली, आणि त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही. पावसाळ्यात फोटो काढायचे नसले तरी आठवड्याला एकदा लेन्स बाहेर काढा, झूम-फोकस चारदा फिरवा आणि टॉर्च मारून बघा.