पावसाळ्यात कोकण, पाठीवर एकच सॅक

जुलैत दापोली-गुहागरकडे कपडे वाळवणं म्हणजे मोठी पंचाईत. हवाच इतकी दमट, की रात्री पिळून टाकलेला सुती टी-शर्ट सकाळीही ओलसर, वर कुबट वास. टॉवेलने काम झालं. कपडा हलका पिळून कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची घट्ट वळकटी करायची आणि गुडघा टेकून दाबायची. टॉवेल ओला होतो, कपड्यातलं बरंच पाणी निघतं. मग पंख्याखाली दोरीवर, मध्ये वीतभर अंतर ठेवून. दोरी दुहेरी करून पीळ दिला की पिळातच कोपरे अडकतात, चिमटे लागत नाहीत. शिवणी आणि कंबरपट्टी शेवटपर्यंत ओल धरतात. ती बाजू पंख्याकडे. पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे लवकर वाळतं. जीन्स? घरीच ठेवा.