एकाच राउटरमधले दोन राउटर जोडताना

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याजवळच्या आमच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकाच लिनक्स राउटरवर मी दोन नेमस्पेस (एकाच यंत्रातले जणू वेगवेगळे राउटर) केल्या होत्या: एक ऑफिसची, दुसरी तापमान सेन्सरांची. राउटिंग टेबलं (कुठल्या नेटवर्कला कुठून जायचं याच्या याद्या) वेगळी, त्यामुळे ऑफिसातून सेन्सर दिसेनात. दोन पोर्टांत केबल घालावी म्हटलं, तर पोर्टच शिल्लक नाहीत. मग व्हीईथ जोडी बनवली. ही आभासी केबलच, एक टोक इकडे, एक तिकडे. पत्ते १०.२५५.०.१ आणि १०.२५५.०.२, मास्क /३०, म्हणजे वापरण्याजोगे दोनच पत्ते.

तरी पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का याची चाचणी) गप्प. टीसीपीडंप (नेटवर्कवरून जाणारे संदेश दाखवणारं साधन) लावल्यावर दिसलं, विनंती सेन्सरच्या बाजूला पोचतेय, उत्तर येत नाही. तिकडच्या नेमस्पेसमध्ये ऑफिसच्या नेटवर्कचा परतीचा रूटच घातला नव्हता! तो घातला (आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे आलेले संदेश पुढच्या नेटवर्कला पाठवणं, तेही दोन्हीकडे तपासा; ते प्रत्येक नेमस्पेसला वेगळं असतं) आणि पडद्यावर उणे १८ अंश उमटलं.