जुन्या गाडीचं वायरिंग स्वतः करताना

जुनी गाडी नव्याने उभी करणारी माणसं इंजिन उघडतात, पत्रा ठोकतात, रंगावर महिने घालवतात. वायरिंगची वेळ आली की मात्र हात आखडतो. खरं तर त्या गाडीत ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यापर्यंत जातो आणि पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. परतीची ही वाट दिसत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि बरीचशी दुखणी तिथेच असतात.

काम कागदावर सुरू करा. जुनं हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, ओरबाडून काढू नका. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, फोटो काढा, मगच सोडवा. गाडी ६ व्होल्टची आहे की १२ची आणि बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, हे आधी बघा. १९६०च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक बॉडीला असे. अशा गाडीत नेहमीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) तसाच जोडला, तर त्यातले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, लगेच जळतात.

मग दिवे, हॉर्न, वायपर, पंखा, सगळ्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर अँपिअर लिहा. हिशोब सोपा आहे: वॉट भागिले व्होल्ट. ५५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर ४.६ अँपिअर घेतो, जोडी ९.२.

तारेची जाडी या आकड्यावरून ठरते, आणि इथे कंजुषी महागात पडते. १ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर तांब्याच्या तारेतून ९.२ अँपिअर गेले, तर वाटेतच सुमारे ०.६४ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे ५ टक्के. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज ५ टक्के घटलं की उजेड सुमारे १५ टक्के घटतो. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट पाव व्होल्टवर येते. तार बारीक धाग्यांची, गाडीसाठीच बनवलेली हवी. घरातली एकेरी जाड तार हादऱ्यांनी आतून तुटते.

फ्यूज उपकरणाला नव्हे, तारेला वाचवतो. तो लोडपेक्षा थोडा जास्त आणि तारेच्या क्षमतेपेक्षा नक्की कमी हवा. डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज द्या, म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर एक उडाला तरी दुसरा दिवा उरतो. मुख्य पुरवठ्याचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं. सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची) जाड केबल तेवढी अपवाद: शेकडो अँपिअर खेचणाऱ्या त्या केबलला सहसा फ्यूज नसतो, म्हणून ती पत्र्याच्या धारेपासून लांब आणि घट्ट बांधलेली ठेवा.

हेडलाइटना रिले लावाच, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या टोकांवर नंबर असतात: ३० नंबरवर फ्यूजमधून आलेली बॅटरीची तार, ८७वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ रिले ओढणाऱ्या कॉइलचे: एकावर स्विचची तार, दुसऱ्यावर अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतीची जोडणी. मग डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून जेमतेम ०.२ अँपिअर जातो आणि तो स्विच कित्येक वर्षं टिकतो.

तारांच्या रंगांची प्रचलित पद्धत एकच निवडा आणि शेवटपर्यंत पाळा. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी तार म्हणजे थेट बॅटरी, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची, काळी अर्थची. जर्मन पद्धतीत मात्र तपकिरी म्हणजेच अर्थ. दोन्हींची सरमिसळ केलेल्या गाडीत पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून शॉर्ट होणारच.

तारा आधी गाडीत सैल पसरून बघा, थोड्या लांब ठेवा, मग कापा. पत्र्यातून जाताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे धारेने तार कापू न देणारी रिंग. सायलेन्सर आणि पेट्रोलच्या नळीपासून अंतर. टोकाला लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) चांगल्या पकडीने क्रिम्प करा, म्हणजे दाबून पक्का बसवा, आणि ओढून बघा. सोल्डर केलेली तार जिथे कडक होते, तिथेच हादऱ्याने मोडते. त्यामुळे मी क्रिम्पलाच पसंती देतो.

आता अर्थ. एका गाडीचे मंद दिवे बघून मी दोनदा बल्ब बदलले. दोष निघाला रंगाच्या थरावर आवळलेल्या अर्थच्या बोल्टमध्ये. जिथे लग बसणार तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते चासी अशी जाड पट्टी हवीच. ती नसली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. बॉडी फायबरची असेल तर प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी तार ओढा.

डायनॅमोऐवजी (बॅटरी चार्ज करणारं जुनं जनित्र) अल्टरनेटर बसवलात तर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा काढू नका. बऱ्याच अल्टरनेटरना जागं करणारा सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून येतो. तिथे एलईडी लावली की चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते.

पहिल्यांदा वीज देताना अंगठी आणि घड्याळ काढा, सगळे स्विच बंद ठेवा. बॉडीला जोडायचं टोक शेवटी, आणि तेही थेट नको: बॅटरी आणि केबल यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब लावा. तो झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे तार जळत नाही. बल्ब विझलेला राहिला की केबल थेट जोडा आणि फ्यूज एकेक करून घाला.

हेडलाइट चालू ठेवून दिव्याचं अर्थचं टोक आणि बॅटरीचं अर्थचं टोक यांच्यामध्ये मल्टीमीटर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पुन्हा खरवडा. १२ व्होल्टची अल्टरनेटरची गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. मग दिवे लावून अर्धा तास फेरी मारा आणि थांबल्याबरोबर फ्यूजबॉक्स, रिले आणि जोड हाताने चाचपा. एखादा जोड शेजारच्यांपेक्षा गरम लागला, तर तो क्रिम्प ढिला आहे. तो कापून नवा करा.