कॉलेजसाठी कर्ज काढताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल आणि जेईईची रँक हातात आली की इंदूरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत घरोघरी दोनच प्रश्न असतात: फी किती, आणि बँक किती देईल? त्यातला दुसरा आधी विचारला जातो, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

सगळ्यात महागात पडणारा समज असा, की शिकत असेपर्यंत हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही. हप्त्याला सवड मिळते, साधारण अभ्यासक्रम संपून पुढे एक वर्ष. व्याज मात्र पहिली रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून लागतं. कागद-पेन घ्या. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगसाठी १० लाख, दरवर्षी सुरुवातीला अडीच लाख, दर १० टक्के, सरळव्याज. हप्ता सुरू होईपर्यंत साडेतीन लाख व्याज साचतं. मग १० वर्षांचा हप्ता साडेतेरा लाखांवर बसतो, महिना जवळपास १७,८५० रुपये. व्याज वेळच्या वेळी भरलं असतं तर तोच हप्ता १३,२०० च्या आसपास आला असता. आणि भरायचं होतं किती? पहिल्या वर्षी महिना २,१०० सुद्धा नाही. चौथ्या वर्षापासून साधारण ८,३००. शेवटी नाही जमलं तरी पहिली दोन वर्षं भराच. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात १ टक्का सूट देतात. आपणहून सांगतीलच असं नाही, विचारून घ्या.

फीचा आकडा काऊन्सेलरच्या तोंडून ऐकून कर्जाची रक्कम ठरवू नका. मध्य प्रदेशात खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी भोपाळची प्रवेश व शुल्क नियामक समिती ठरवते. तो आकडा ताडून बघा आणि होस्टेल, मेस, बस वेगळे मांडा. माझं स्पष्ट मत: इंदूरच्या एसजीएसआयटीएस या सरकारी अनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळत असेल, तर केवळ मनासारखी ब्रँच नाही म्हणून दुप्पट कर्ज काढून खासगीत जाणं परवडणारं नाही.

कर्जाआधी सवलती तपासा. मध्य प्रदेश सरकारच्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत (यात फी सरकार भरतं) बारावीला एमपी बोर्डाला ७० किंवा सीबीएसईला ८५ टक्के लागतात, शिवाय उत्पन्नाची अट आणि इंजिनीअरिंगसाठी जेईईची रँक. मूळनिवासी दाखला इथलाच हवा. आजोबा साताऱ्याचे होते याचा उपयोग नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, ठरावीक दर्जेदार संस्थांमधल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण दरवर्षीची संख्या मर्यादित आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ती विसरा.

कर्जाबरोबर विम्याची पॉलिसी गळ्यात मारली जाते. तिचा हप्ता कर्जातच मिळवला असेल तर त्यावरही व्याज बसतं. शिक्षणकर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत ८ वर्षांपर्यंत मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. भावाकडून किंवा काकांकडून घेतलेल्या पैशांना ती लागू नाही.

सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा बाबांची सही असते. हप्ता चुकला तर दोघांचाही सिबिल स्कोअर पडतो, आणि ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. बाबा पाच वर्षांत निवृत्त होणार असतील तर त्यांच्या पेन्शनचा आकडा आत्ताच मांडा.

नोकरी लागली नाही, सवड संपत आली, तर फोन टाळत बसू नका. पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्या: मुदत वाढवा, किंवा सुरुवातीचे हप्ते कमी ठेवून पुढे वाढवत न्या. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. पुढे पगार बरा झाला की जास्तीची रक्कम भरून टाका. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही.